गाडगीळ अहवाल: ऐकलेला आणि लिहिलेला

पश्चिम घाटाविषयीचा गाडगीळ अहवाल ज्यांनी कधी उघडलाही नाही, त्यांचंही त्याबद्दल ठाम मत असतं. कुणाला तो घाटाचा तारणहार वाटतो, कुणाला घरादारावर आलेलं संकट. संशोधन सरकारपर्यंत आणि लोकांपर्यंत जाताना नेमकं कुठे अडतं, हे दाखवणारं इतकं ठळक उदाहरण आपल्या भागात दुसरं नाही.

सर्वांत पक्का समज असा: शास्त्रज्ञांनी अहवाल दिला, सरकारने तो लोकांपुढे ठेवला आणि लोकांनी तो धुडकावला. तारखा वेगळंच सांगतात. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 31 ऑगस्ट 2011 रोजी अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिला आणि मंत्रालयाने तो दडवून ठेवला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, तेव्हा नकार मिळाला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल 2012 मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला, तर मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे हरल्यावर मे 2012 मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला, तोही इंग्रजीत आणि ‘मंत्रालयाने हा अजून स्वीकारलेला नाही’ अशी पुस्ती जोडून. ज्यांच्या जमिनीबद्दल तो होता, त्यांच्या कानावर मात्र तोवर भलतंच काही पडलं होतं: घर बांधता येणार नाही, शेती बंद होईल, गावं उठवतील.

अहवालात काय आहे? समितीने घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन स्तर पाडले. सर्वांत कडक पहिल्या स्तरात नव्या खाणी नकोत, मोठी धरणं नकोत, जास्त प्रदूषण करणारे नवे कारखाने नकोत, शेतजमीन बिगरशेती करू नये, असं सुचवलं. पण याच शेवटच्या अटीला लागूनच अपवाद लिहिला आहे: स्थानिकांची लोकसंख्या वाढली तर गावठाण वाढवायला मुभा. म्हणजे ज्या घराच्या भीतीने माणसं रस्त्यावर आली, त्याची सोय अहवालातच होती. गावं उठवण्याची शिफारस त्यात नाही. शेतीबाबत, रासायनिक कीटकनाशकं स्तरांनुसार पाच, आठ आणि दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने थांबवावीत आणि सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्यांना मदत द्यावी, असं म्हटलं आहे. ही शिफारस जाचक आहे की नाही, यावर जरूर वाद घालावा. पण ‘शेती बंद’ असं त्यात कुठेही नाही.

‘लोक अडाणी, म्हणून विरोध केला’ हे तर मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी आपला परिसर संवेदनशील जाहीर करावा असे ठराव आपणहून केले होते, आणि अहवालात त्यांची नोंद आहे. दुसरीकडे, ज्यांना भीती वाटली त्यांची भीतीही हवेतली नव्हती. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या शेतकऱ्यांना साध्यासाध्या कामांच्या परवानगीसाठी कसे हात ओले करावे लागतात, हे गाडगीळांनी स्वतः ऐकलं आणि लिहिलं. नियम दिल्लीने करायचे आणि राबवायचे साहेबांनी, हा अनुभव गाठीशी असलेला माणूस नव्या नियमाला बिचकणारच.

समितीची बाजूही पूर्ण निर्दोष नव्हती. तिने स्तर तालुकावार जाहीर केले. आख्खा तालुका एकाच रंगात दिसला, की त्यात आपलं शिवार कुठे हे शेतकऱ्याला कळणार कसं? या सीमा तात्पुरत्या आहेत, ग्रामसभांच्या चर्चेतून त्या ठरवाव्यात, असं समितीने स्पष्ट लिहिलं होतं. गोव्याच्या ‘प्रादेशिक आराखडा 2021’साठी पंचायतींपुढे माहिती ठेवून सूचना मागवल्या होत्या, तो नमुनाही तिने पुढे केला होता. पण लोकांपर्यंत नकाशाचा रंग पोचला आणि ही अट मागेच राहिली.

आणखी एक गल्लत. नोव्हेंबर 2013 मध्ये केरळात जाळपोळ झाली ती गाडगीळ अहवालावरून, असं सर्रास सांगितलं जातं. ती ज्या केंद्रीय आदेशावरून झाली, तो होता नंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या अहवालावर बेतलेला. या समितीने उपग्रहचित्रांच्या आधारे सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील धरलं आणि गावांची यादीच दिली. सीमा ग्रामसभेत ठरवायची कल्पना तिथे मागे पडली. दोन्ही अहवाल लोकांच्या मनात एकच होऊन बसले.

2024 च्या वायनाड दरडीनंतर ‘गाडगीळांनी हे भाकीत केलं होतं’ असं म्हटलं गेलं. कोणता डोंगर कधी कोसळेल, हे अहवाल सांगत नाही. कुठे जपून वागावं, हे तो सांगतो, आणि दरड कोसळली तो वैथिरी तालुका त्यात पहिल्या स्तरात होता.

त्या दरडीच्या दुसऱ्याच दिवशी, 31 जुलै 2024 ला, केंद्राने 56,825 चौरस किलोमीटरच्या संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना काढली. त्यात महाराष्ट्राचे 17,340 आणि गोव्याचे 1,461 चौरस किलोमीटर आहेत. हरकती-सूचनांसाठी साठ दिवस दिले होते. राजपत्र छापलं जातं ते हिंदी आणि इंग्रजीत.