डोसाच्या दिवशीची दहा मिनिटं

मावळात तान्हं मूल नर्सबाईंच्या समोर येतं ते दोन निमित्तांनी. एक तर ते आजारी पडतं, नाहीतर डोसाचा दिवस येतो. आजारपणात सगळं लक्ष तापाकडे आणि छातीतल्या घरघरीकडे असतं, आणि ते तिथेच असायला हवं. लोणावळ्याच्या आणि अंदर मावळाच्या पावसात, ओल्या भिंती आणि चुलीचा धूर यांच्यामध्ये, तान्ह्याच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही. डोसाच्या दिवशी मात्र मूल बहुतेक वेळा धडधाकट असतं, आई समोर बसलेली असते, तिच्या हातात कार्ड असतं. बाळाच्या वाढीची आणि विकासाची नीट पाहणी करायला याहून चांगली वेळ सापडणार नाही. तरीही लसीकरण सत्रात बहुतांश वेळ जातो तो सुई टोचण्यात, नोंदी भरण्यात आणि ताप आला तर काय करायचं हे सांगण्यात. हे चित्र बदलता येईल, आणि त्यासाठी नवी योजना किंवा नवी इमारत लागणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

सरकारी लसीकरणाचं वेळापत्रकच पाहा. जन्मतः पहिल्या लसी, मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, मग नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिने. ही वयं ठरवताना डोळ्यांपुढे रोगप्रतिकारशक्ती होती, विकासाचे टप्पे नव्हते. पण योगायोगाने हीच वयं विकास पाहण्यासाठीही सोयीची आहेत. दीड-दोन महिन्यांचं बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागतं, म्हणजे त्याला दिसतंय आणि माणूस ओळखू येतंय. चौदाव्या आठवड्याच्या डोसाला हळूच उचलून पाहिलं की मान कितपत धरतंय ते कळतं. नऊ महिन्यांचं मूल आधाराशिवाय बसतं, 'बा-बा', 'दा-दा' करतं, मागून हाक मारली की वळतं. दीड वर्षाचं मूल चालतं, दोन-चार अर्थाचे शब्द बोलतं, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं आणि आईनेही तिकडे पाहावं असा हट्ट धरतं. यांपैकी एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही. लागते ती सराईत नजर, एक खुळखुळा आणि आईला विचारलेले चार प्रश्न. माता-बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते पान उघडलं जात नाही एवढंच.

यावर पहिलं उत्तर येतं की वजन तर दर महिन्याला अंगणवाडीत होतंच. होतं, आणि ते झालंच पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि जवळजवळ २६ टक्के मुलं उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. पण वजनाचा एक आकडा हे मूल्यमापन नव्हे. नऊ किलोचं मूल तीन महिन्यांनीही नऊच किलोचं असेल, तर त्याचा ठिपका तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात असला तरी काहीतरी अडलं आहे. पाहायची असते ती रेघेची दिशा. पावसाळ्यात स्वेटर-टोपडं न काढता केलेलं वजन, किंवा दोन वर्षांखालच्या मुलाला निजवून मोजण्याऐवजी उभं करून घेतलेली उंची, एवढ्यानेही ही रेघ फसवी होते.

शिवाय वजन सावरलं म्हणजे सगळं सावरलं असं नसतं. याचा पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बारा वर्षांची झाल्यावर या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी होती. वाचन आणि गणितात अडखळणारी, हात-डोळ्यांचा मेळ न जमणारी मुलं त्यांच्यात जास्त होती. अशा मुलाला शाळेत 'ढ' म्हटलं जातं, आणि त्याचं जन्मवेळचं वजन बाईंना कुणी सांगितलेलं नसतं. ज्या बाळाच्या कार्डावर सुरुवातीलाच कमी वजनाची नोंद आहे, त्याच्या प्रत्येक डोसाला दोन मिनिटं जास्त द्यावीत, एवढी तरी शिकवण त्या अभ्यासातून घ्यायला हवी.

दुसरा आक्षेप घराघरांतला आहे. "याचे वडीलसुद्धा उशिराच बोलायला लागले," असं आजी सांगते, आणि ती अगदीच चुकीची नसते. मुलं खरोखरच आपापल्या गतीने वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा आधाराशिवाय चालण्याचं वय साधारण ८ ते साडेसतरा महिने इतकं पसरलेलं निघालं. शंभरातली चार-पाच मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. म्हणून शेजारच्या पोराशी तुलना करणं व्यर्थ. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्थ असा की पट्टा रुंद असला तरी त्याला शेवट आहे. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल तर 'चालेल हळूहळू' हे उत्तर पुरेसं नाही. मूल आधी बोलत होतं आणि आता बोलेनासं झालं, असं कोणत्याही वयात घडलं तर एक दिवसही थांबू नये. उलट बाजूने, दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना ते दोन महिने वजा करावे लागतात. साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत हा हिशोब चालतो, आणि तो न केल्यामुळे कितीतरी आया उगाच घाबरतात. घाई आणि बेफिकिरी या दोन्ही चुका टाळण्यासाठीच प्रशिक्षित माणूस लागतं.

मग कुणी म्हणेल, ही परदेशी मोजमापं आमच्या मुलांना कशाला? शंका रास्त आहे, पण उत्तर जवळच आहे. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांचीच पाहणी करून विकासाची मानकं तयार केली. तिरुवनंतपुरमला डॉ. एम. के. सी. नायर यांच्या गटाने १९९१ मध्ये सतरा बाबींचा तक्ता दिला, जो पाच-सात मिनिटांत पुरा होतो. तरीही तक्ता मुलाच्या घरापर्यंत नेण्याचं काम सिस्टरांनाच करावं लागतं. ज्या घरात पेन्सिल नाही तिथल्या मुलाने रेघ ओढली नाही म्हणून ते मागे पडलं असं होत नाही. ते ज्वारीचे दाणे चिमटीत उचलतं का, वाटीत टाकतं का, हे पाहावं. कातकरी वस्तीतलं मूल घरी कातकरी बोली ऐकतं, त्यामुळे त्याचे शब्द प्रमाण मराठीत मोजले तर हाती चुकीचाच आकडा लागेल. 'बाळ घरी काय काय म्हणतं?' हा प्रश्न त्याच्या आईलाच विचारायला हवा.

हे काम डॉक्टरांचं, असाही एक सूर असतो. पण बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, आणि दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला तर न्यूमोनियाचा संशय धरायचा, हा निर्णय सरकारने नर्स आणि आरोग्यसेविकांवर केव्हाच सोपवला आहे. जीव वाचवण्याच्या बाबतीत ज्यांच्या नजरेवर विश्वास टाकला, त्यांच्यावर विकासाच्या बाबतीतही टाकायला हरकत नसावी. कामाचा बोजा ही खरी अडचण आहे. डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. नाणे मावळ, पवन मावळ, अंदर मावळ या खोऱ्यांत मात्र वस्त्या लांब-लांब आणि वह्या-ॲप ढीगभर. एकच माहिती तीन ठिकाणी भरायला लावणं थांबवलं तर दहा मिनिटं तिथूनच निघतील.

आणि शोधून तरी उपयोग काय, उपचार कुठे आहेत, हा सर्वांत निराश करणारा प्रश्न. काही बाबतींत उत्तर सरळ आहे. ऐकू न येणं तीन महिन्यांत निश्चित झालं आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व उपचार सुरू झाले, तर मूल बोलायला शिकण्याची शक्यता कितीतरी वाढते. हेच दोन वर्षांनी कळलं तर भाषेचा कोवळा काळ निघून गेलेला असतो. लोणावळा-पुणे लोकल आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. पण बहुतेक मुलांना आधी लागतं ते रुग्णालय नव्हेच. जमैकात १९८६-८७ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात खुज्या राहिलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात, आणि आईला मुलाशी बोलायला, घरगुती खेळण्यांनी खेळायला शिकवत. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई अशी भेट न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या या कामात औषधाचा एक थेंब नव्हता. बडबडगीतं आणि भातुकली आपल्याकडेही आहेत, फक्त भात लावून थकलेल्या आईला 'तुझं बाळाशी बोलणं हेच औषध' असं कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या युक्तिवादाची खरी कच्ची बाजू वेगळीच आहे. वेळापत्रकातला पुढचा डोस पाच-सहा वर्षांना येतो. मध्ये दोन ते पाच वर्षांची मोठी फट राहते, आणि बोलण्यातल्या, वागण्यातल्या अडचणी नेमक्या याच काळात उघड होतात. बाल स्वास्थ्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण पावसाळा संपला की वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांची मुलं त्या दिवशी गावात नसतात. लोणावळ्यात बंगले राखणाऱ्या आणि हॉटेलांत राबणाऱ्या परप्रांतीयांची मुलंही अनेकदा कुठल्याच यादीत नसतात. तरी एक निमित्त उरतं. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस द्यायचे असतात, पहिला सोडला तर साधारण दर सहा महिन्यांनी एक. चमचाभर औषध पाजायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाच्या पुढे आणखी पाच मिनिटं जोडून मूल किती शब्दांचं वाक्य बोलतं, इतर मुलांत मिसळतं का, जिना चढतं का, एवढं विचारलं आणि कार्डावर तारखेसह लिहिलं, तर भट्टीवर जाताना आईच्या पिशवीतलं ते कार्ड दुसऱ्या तालुक्यातल्या नर्सबाईंनाही वाचता येईल.