आभार आणि पोच

महाविद्यालयातील कोणताही समारंभ घ्या. प्रमुख पाहुण्यांचे भाषण संपते, अध्यक्षीय समारोप होतो आणि निवेदक ध्वनिक्षेपकापाशी येऊन 'आता आभारप्रदर्शन' असे जाहीर करतो. नेमक्या त्याच क्षणी मागच्या रांगांतील खुर्च्या सरकू लागतात. आभार मानणारा बिचारा हातातल्या चिठ्ठीवरची नावे घाईघाईने वाचतो आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात अशा सर्वांचे' म्हणून मोकळा होतो. ज्यांचे आभार मानले गेले तेही ऐकत नसतात आणि ज्यांनी मानले तेही त्यात नसतात. आभार मानणे ही गोष्ट इतकी पोकळ का व्हावी, आणि ती भरीव कशी करता येईल, याचा थोडा विचार मला येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'आभार', 'धन्यवाद' आणि 'कृतज्ञता' हे तीन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांची घडण निरनिराळी आहे. 'आभार' या शब्दात 'भार' आहे. दुसऱ्याच्या उपकाराचे ओझे आपल्यावर आहे, हे त्यात मान्य केलेले असते. 'धन्यवाद' म्हणजे दुसऱ्याला 'धन्य' म्हणणे; ती मुळात प्रशंसा आहे. 'कृतज्ञ' हा शब्द मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो नेमके जाणतो, तो कृतज्ञ. याच्या उलट 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा. म्हणजे कृतज्ञतेच्या मुळाशी गोड बोलणे नसून जाणणे आहे.

आपल्याकडे आभाराचे शब्द फारसे उच्चारले जात नाहीत, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती खरीही आहे. आईने ताट वाढले म्हणून तिला 'धन्यवाद' म्हणणारा मुलगा आपल्याला थोडा विचित्रच वाटेल. पण शब्द नव्हते म्हणजे रीत नव्हती असे नव्हे. खेड्यातील 'सावड' घ्या. आज चार घरच्या माणसांनी माझ्या शेतात काम करावयाचे, उद्या मी त्यांच्या शेतात जावयाचे. तेथे आभाराची भाषा नसते, आपली पाळी आली की जाणे हेच आभार. 'इर्जिक' असेल तर गावकरी आपापली अवजारे आणि बैल घेऊन एकाच्या शेताचे काम एका दिवसात उरकून देतात आणि तो त्यांना जेवू घालतो. शेजारच्या घरून आलेली वाटी रिकामी परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी तीत घालावी, हे आपल्या आज्यांनी कोणत्या पुस्तकात वाचले होते? या सर्वांत एक गोष्ट समान आहे. मदत करणाऱ्याला तिचे पुढे काय झाले हे डोळ्यांनी दिसत असे. पेरलेले शेत गावातच होते आणि वाटी पुन्हा त्याच घरात येत होती.

जेथे माणसे दूर होती तेथे मराठी माणसाने आणखी एक सुंदर शब्द वापरला, तो म्हणजे 'पोच'. पत्र मिळाल्याची पोच, मनीऑर्डर मिळाल्याची पोच, गावी सुखरूप पोहोचल्याचे पत्र. लोणच्याची बरणी कोणाबरोबर पाठविली तर 'बरणी पोचली, लोणचे चांगले मुरले आहे' एवढी एक ओळ आल्याशिवाय पाठविणाऱ्याच्या जिवाला चैन पडत नसे. या ओळीत 'आभारी आहे' असे शब्द नसतीलही. पण जे पाठविले ते पोचले, आणि त्याचे काय झाले, या दोन्ही गोष्टी तीत असतात. मला असे वाटते की, आभार हे पाकीट आहे आणि पोच हे आतील पत्र आहे. नुसते पाकीट कितीही सुबक असले तरी ते उघडणाऱ्याच्या हाती काय लागणार?

आज या गोष्टीचे महत्त्व वाढले आहे, कारण आपल्याला मदत करणारा माणूस पुष्कळदा आपल्या ओळखीचाच नसतो. मोबाइलवरील एखाद्या ग्रूपमध्ये आपण प्रश्न टाकतो. कोण कुठला माणूस आपले काम बाजूला ठेवून उत्तर लिहितो. त्याच्या शेतावर आपण जाऊ शकत नाही आणि त्याची वाटीही आपल्याकडे नसते. उत्तर मिळताच आपण जोडलेल्या हातांचे चित्र धाडतो आणि नाहीसे होतो. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण मोबाइलच्या आधीची आहे. पण इतकी चपखल ती पूर्वी क्वचितच बसली असेल.

मोडी वाचणाऱ्यांच्या एका ग्रूपमध्ये मी आमच्या घरातील एका जुन्या कागदाचे छायाचित्र टाकले होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडूनही लिहिलेले नसतात. त्यामुळे एकच ओळ दोघे जाणकार दोन प्रकारे लावू शकतात. तसेच झाले. एका शब्दाला एकाने गावाचे नाव म्हटले, तर दुसऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी माणसाचे. पुढे घरातच सापडलेल्या दुसऱ्या कागदावर तेच नाव बापाच्या नावासह आले आणि ते माणसाचेच ठरले. मी दोघांनाही तसे कळविले आणि दुसऱ्या कागदाचे छायाचित्रही त्याच ठिकाणी ठेवले. ज्यांचे वाचन बरोबर ठरले त्यांना आनंद झालाच. पण ज्यांचे ठरले नाही त्यांना अधिक झाला, कारण अक्षराचे ते वळण त्यांना नव्याने कळले. वृद्ध गृहस्थांनी लिहिले की, कितीतरी वर्षे ते लोकांचे कागद वाचून देत आहेत. परंतु पुढे काय झाले हे कळविणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. त्या वाक्यात तक्रार नव्हती, पण थकवा होता. अशी माणसे एक दिवस उत्तर देणे थांबवितात, आणि मग त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही थांबते.

यातून मला काही साधे संकेत सुचतात. आभार मानताना कशाबद्दल ते नेमके सांगावे. 'खूप मदत झाली' यापेक्षा 'तुम्ही सांगितलेल्या दुसऱ्या उपायाने काम झाले' हे अधिक मोलाचे. ज्याचा उपाय लागू पडला नाही त्यालाही विसरू नये. त्यानेही वेळ दिलाच होता. जेथे प्रश्न विचारला तेथेच निकाल सांगावा, म्हणजे उद्या त्याच अडचणीत सापडणाऱ्याला वाट सापडेल. एकदा मदत झाली म्हणून रात्री-अपरात्री त्या माणसाला फोन करू नये. आणि 'आगाऊ धन्यवाद' शक्यतो टाळावेत. देणाऱ्याने अजून 'हो' म्हटलेले नसताना त्याच्या डोक्यावर आभार ठेवणे म्हणजे त्याला बांधून घालणेच होय. आपल्या जुन्या पत्रांतील 'लोभ असावा ही विनंती' यात किती मोकळीक होती!

मदत घेऊन आपण काही लिहिले तर पोच देण्याचा मार्ग म्हणजे नाव घेणे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा उल्लेख आहे. ग्रंथाएवढेच ते नावही आजवर टिकले. १८३१ मध्ये निघालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या शीर्षकपृष्ठावर जॉर्ज आणि थॉमस कँडी या साहाय्यक बंधूंची नावे आहेत. पण त्या कामी खपलेल्या शास्त्रीमंडळींपैकी किती नावे आपणांस सांगता येतील? ज्याचे नाव पृष्ठावर चढत नाही तो विस्मृतीत जातो. विकिपीडियावरील मजकूर घेताना श्रेय देणे ही तर त्याच्या परवान्याचीच अट आहे. आपल्या प्रकल्पांतून मात्र ती सर्रास मोडली जाते. उलट ऋणनिर्देशात 'त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल' हे ठरावीक वाक्य न चुकता येते. ऋणात राहणे आवडते हे ठीक. पण कोणते ऋण, ते तरी सांगावे. ग्रंथपालांनी कपाटामागून एखादा दुर्मिळ अंक शोधून दिला असेल, तर त्या अंकाचे नाव लिहावे.

यावर कोणी म्हणेल, खरी मदत करणारा आभाराची अपेक्षाच ठेवीत नाही. हे मान्य आहे. किंबहुना आभाराची वाट पाहून मदत केली तर तो व्यवहार होईल. पण पोच म्हणजे मोबदला नव्हे. झाड लावणाऱ्याला फळ नको असते. ते झाड जगले की नाही, एवढे जाणून घेण्याची इच्छा मात्र त्याला असते आणि ती रास्त आहे. ती पुरविण्यास पैसा लागत नाही, वक्तृत्व लागत नाही. काम झाल्यावर पुन्हा एकदा मागे वळावे लागते, इतकेच.