कुणामुळे कोण खोळंबलंय?

सात-आठ वर्षांपूर्वी हौसेने असेंबल करून घेतलेला गेमिंग पीसी सहसा एकाएकी बंद पडत नाही. विंडोज सुरू होतं, सिनेमे दिसतात, कॉलेजचे प्रोजेक्ट निघतात. फक्त नवा गेम टाकला की गर्दीच्या चौकात, ऐन धुमश्चक्रीत चित्र क्षणभर गोठतं आणि तेवढ्यात समोरच्याने आपला निकाल लावलेला असतो. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी होते. उत्तर ठरलेलं : "आता सगळा सेटच बदला." सगळा सेट म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव कडाडले. तेव्हापासून हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला महाग झाला आहे.

उदाहरण म्हणून २०१७ सालचा मध्यमवर्गीय पीसी घेऊ. त्यात एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅम आणि बहुधा जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. या पीसीचं भाग्य त्याच्या सॉकेटमध्ये आहे. एएम४ नावाच्या या सॉकेटमध्ये २०१७ ते २०२२ या काळातल्या रायझनच्या चार मालिका बसतात. इंटेलवाल्यांच्या नशिबी हे नव्हतं. त्याच २०१७ सालच्या जानेवारीत आलेला आय७ ७७००के आणि ऑक्टोबरमध्ये आलेले आठव्या पिढीचे प्रोसेसर दिसायला एकाच सॉकेटचे, पण जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. त्यांना दुकानदाराचा सल्ला मानण्यावाचून फारसा इलाज नाही. एएम४वाल्यांना आहे, पण खिशात हात घालण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी.

गेममधली प्रत्येक फ्रेम दोघे मिळून बनवतात. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली तर विटा कुठे पडतील, कॅमेऱ्याला यातलं काय दिसणार, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय काढायचं याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो. कार्ड ते चित्र रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरेल असं काम हवं असेल तर जेमतेम ६.९. दोघांपैकी जो मागे पडतो, त्याच्या वेगाने गेम चालतो. दुसरा नुसता खोळंबून राहतो.

खोळंबा कुणामुळे होतोय हे फुकटात कळतं. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणायचं. कार्डाचं काम त्यामुळे निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड दमलेलं आहे. अशा वेळी प्रोसेसर बदलणं म्हणजे पैशाचं पाणी. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत तर दोष प्रोसेसरच्या बाजूला. पाच मिनिटांचं काम आहे, तरी हजारो रुपये घालवण्याआधी ते किती जण करतात, देव जाणे.

टास्क मॅनेजरवर मात्र विसंबू नये. 'प्रोसेसर ४० टक्के' असा आकडा दिसला की तो निवांत आहे असं वाटतं. तो आकडा बारा थ्रेडांची सरासरी असतो. गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर घाम गाळत असतो आणि बाकीचे त्याचं उरकण्याची वाट पाहत असतात. संगणक-अभियंते जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं होतं की कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो शेवटी सगळ्या कामाचा वेग ठरवतो. सहाऐवजी सोळा कोअर घेतल्याने व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याचं भलं होईल. गेम खेळणाऱ्याला त्यातले बरेचसे कोअर दाखवण्यापुरतेच.

मग गिगाहर्ट्झ वाढवावेत का? तो रस्ता वीस वर्षांपूर्वीच बंद झाला. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की त्याच जागेत, तेवढ्याच उष्णतेत जास्त वेग मिळतो. तीसेक वर्षं हे गणित जमलं. पुढे ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली. इंटेलचा पेंटियम ४ हा २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती कंपनीने रद्दच केली. आपला २०१७चा १६०० जास्तीत जास्त ३.६ गिगाहर्ट्झवर चालतो. पाच वर्षांनी आलेला रायझन ५ ५६०० हा ४.४ वर. वाढ २२ टक्क्यांची. दोघांनाही सहाच कोअर, बाराच थ्रेड, आणि दोघांची वीजमर्यादा ६५ वॉट. तरीही गेममध्ये दोघांत पडणारा फरक या २२ टक्क्यांच्या कितीतरी पुढचा असतो. काही भाग क्लॉकच्या एका ठोक्यात जास्त सूचना उरकण्याच्या कौशल्याचा आहे. एएमडीच्याच दाव्यानुसार तिसऱ्या (३०००च्या) मालिकेत ते साधारण १५ टक्के आणि पाचव्या (५०००च्या) मालिकेत आणखी १९ टक्के वाढलं. उरलेलं उत्तर प्रोसेसर रिकामा बसून किती वेळ घालवतो, यात आहे.

तो वेळ बराच असतो. डेनार्ड यांचंच दुसरं अपत्य म्हणजे आज प्रत्येक रॅममध्ये असणारी एका ट्रान्झिस्टरची मेमरी-पेशी. तिच्यात एक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला चिमूटभर विद्युतभार. तो वाचायचा म्हणजे शेकडो पेशींना जोडलेल्या लांब तारेवर सोडायचा, तारेच्या टोकाला झालेला बारीकसा बदल हेरायचा आणि वाचताना रिकामी झालेली पेशी पुन्हा भरायची. याला वेळ लागतो आणि तो वेळ फारसा आटलेला नाही. २००३च्या सुमाराची डीडीआर-४०० रॅम, सीएल ३ : विलंब १५ नॅनोसेकंद. डीडीआर४-३२००, सीएल १६ : १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६०००, सीएल ३० : तेच १०. या काळात सेकंदाला वाहून नेता येणारी माहिती अनेक पटींनी वाढली, पण पहिला बिट हाती येण्याची वाट तिथल्या तिथेच राहिली. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पहिल्या गोष्टीचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

हे दहा नॅनोसेकंद फक्त चिपच्या आतले. मागणी निघून माहिती प्रोसेसरच्या हाती येईपर्यंत साधारण ८० नॅनोसेकंद जातात. चार गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३२० ठोके होतात. गवंडी कितीही हातचलाख असो, घमेलं वर येईपर्यंत त्याला थापी धरून बसावंच लागतं. एका फ्रेममध्ये एक लाख वेळा असं रॅमपर्यंत जावं लागलं, तर एकामागून एक धरल्यास ८ मिलिसेकंद झाले, म्हणजे १४४ हर्ट्झसाठी हाती असलेल्या पूर्ण वेळेहूनही जास्त. प्रोसेसर हुशार असतो, अनेक मागण्या एकदम पाठवतो, मधल्या वेळात पुढचं काम उरकतो, म्हणून प्रत्यक्षात इतकं नुकसान होत नाही. पण गेमची माहिती विखुरलेली असते. या सैनिकावरून त्याच्या बंदुकीकडे, बंदुकीवरून गोळीकडे, गोळीवरून ती लागली त्या भिंतीकडे. आधीचा पत्ता मिळाल्याशिवाय पुढचा कळत नाही, तिथे हुशारी चालत नाही.

यावरचा तोडगा संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका छोट्या निबंधात मांडला होता : वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरजवळच्या लहान पण वेगवान मेमरीत ठेवा. हीच कॅश मेमरी. तिचा बिट सहा ट्रान्झिस्टरांचा असतो, म्हणून ती वेगवान आणि म्हणूनच जागा खाणारी. १६०० मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश १६ एमबी आहे, तीही आठ-आठच्या दोन वाट्यांत. ५६०० मध्ये सलग ३२ एमबी, सगळ्या कोअरना खुली. तिथवर जाऊन यायला चाळीस-पन्नास ठोके पुरतात.

एएमडीने २०२१ मध्ये यापुढची उडी दाखवली. प्रोसेसरच्या चिपवर आणखी ६४ एमबी कॅशची चिप रचायची, सोल्डर न वापरता तांब्याला तांबं भिडवून. नुसत्या बिटांचेच ट्रान्झिस्टर मोजले तरी ३२२ कोटी होतात आणि ते मावले जेमतेम ६ गुणिले ६ मिलिमीटरमध्ये. यासाठी लागणाऱ्या उभ्या जोडण्यांची जागा २०२०च्या चिप्समध्येच सोडून ठेवलेली होती. तेव्हा घेणाऱ्या बहुतेकांना पत्ताही नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये अशी एकूण ९६ एमबी कॅश आहे. वरची चिप उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून त्याचा कमाल वेग साध्या ५८००एक्सच्या ४.७ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ ठेवला. कागदावर संथ, मैदानात वेगवान. १०८०पीवर गेम सरासरी १५ टक्के जास्त वेगाने चालतात, असा कंपनीचा दावा होता. फॅक्टोरिओसारख्या, हजारो वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या गेममध्ये फरक याहून बराच मोठा दिसतो. ४के चित्रावर मात्र तो जवळपास नाहीसा होतो, कारण तिथे सगळे कार्डासाठी खोळंबलेले असतात.

हे लक्षात ठेवलं की खरेदीतले सापळे दिसायला लागतात. रायझन ५ ५५००, ५६००जी आणि 'एक्स' नसलेला ५७०० ही नावं ऐकायला ५६००ची भावंडं वाटतात, पण तिघांतही कॅश निम्मीच आहे, १६ एमबी. भावात थोडा फरक असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. माझं मत विचाराल तर १०६० किंवा त्याच्या तोडीचं कार्ड असलेल्याने ५६०० घेऊन थांबावं. काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये, सेटिंग खाली आणून खेळणाऱ्याला तेवढ्यानेही फरक जाणवेल. ५८००एक्स३डी किंवा २०२४ मध्ये आलेला त्याचा धाकटा भाऊ ५७००एक्स३डी यांचा विचार कार्ड दमदार असेल तरच करावा. दोन्ही आता सेकंडहँड बाजारातच शोधावे लागण्याची शक्यता जास्त, आणि तिथे ते भाव सोडत नाहीत.

त्याहीआधी रॅम बघा. एकच स्टिक लावलेली असेल तर रॅमची अर्धी वाट बंदच आहे. जोडीला दुसरी मिळाली तर उत्तम. ३२००ची रॅम असूनही बायोसमध्ये एक्सएमपी हे सेटिंग सुरू न केल्याने ती २१३३ किंवा २४०० वर रखडलेली सापडते. हा इलाज तर बिनपैशाचा.

बी३५०सारख्या जुन्या बोर्डांवर पाचवी मालिका चालवायला एएमडी सुरुवातीला तयार नव्हती. २०२०च्या मे महिन्यात तर तिने बी४५०लाही नकार दिला होता. ग्राहकांनी गिल्ला केल्यावर काही दिवसांत माघार घेतली. ३००च्या मालिकेतल्या बोर्डांना परवानगी मिळायला २०२२ उजाडलं. त्यामुळे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची प्रोसेसर-यादी वाचायची आणि जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करायचं. ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय हात लावू नये, निदान आपल्याकडच्या पावसाळ्यात तरी. या बदलात आणखी एक गोष्ट पदरात पडते : १६०० हा विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पाचव्या मालिकेचा प्रोसेसर ही अडचण दूर करतो.

एएम४च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, संख्येने १३३१. वर्षानुवर्षांत वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला अशी चिकटते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही त्याच्याबरोबर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं एखादा जड गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, पीसी बंद करून प्लग काढायचा, आणि कूलरचे क्लिप किंवा स्क्रू सोडवल्यावर तो डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करायचा.