उंदराचा दिवस मोजायचा कसा?

पवनारला धाम नदीच्या काठाकाठाने शेतांतून गेलात, तर धुऱ्यावर उंदरांची बिळे दिसतील. उंदीर मात्र दिवसा सहसा दिसणार नाही. आपला दिवस ही त्याची रात्र. अंधार पडला की तो बाहेर येतो आणि उजाडायच्या सुमारास बिळात परततो. पण तो नेमका किती वाजता उठतो? रात्रभरात किती धावतो? मधे विसावा घेतो का? कंदील घेऊन पाहायला गेलो, तर उजेडाने आणि पावलांच्या आवाजाने त्याचे वागणेच बदलते.

प्रयोगशाळेत पांढरे उंदीर पाळणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही हीच अडचण असते. उंदराला न डिवचता त्याची हालचाल मोजायची कशी?

परकी पेटी

आपल्याकडे औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत ‘अॅक्टोफोटोमीटर’ नावाचे उपकरण वापरले जाते. ही एक चौकोनी पेटी. तिच्यात एका बाजूने बारीक प्रकाशकिरण सोडलेले असतात आणि समोर ते टिपणारे प्रकाशविद्युत घट असतात. उंदीर आडवा गेला की किरण तुटतो आणि गणक एक आकडा पुढे सरकतो. कॅफिन दिल्यावर आकडे वाढतात, झोपेचे औषध दिल्यावर कमी होतात.

उपकरण उपयुक्त आहे. पण ते मोजते काय? उंदराला त्याच्या पिंजऱ्यातून उचलून परक्या पेटीत ठेवले, की तो कोपरे हुंगतो, वाट शोधतो, नाहीतर भिऊन बसून राहतो. नव्या शाळेतल्या पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही कितीदा मान वळवली, यावरून तुमचा रोजचा दिनक्रम कोणी ठरवू लागला तर चालेल का?

स्वतःचा पिंजरा

म्हणून उंदराला त्याच्याच पिंजऱ्यात राहू देतात आणि मोजण्याची साधने तिथे नेतात. पिंजऱ्यात फिरते चाक बसवले, तर दर फेरीला एक कळ दाबली जाते आणि नोंद होते. दुसऱ्या पद्धतीत उंदराला न दिसणारे अवरक्त किरण पिंजऱ्यातून आरपार सोडतात. दिवे १२ तास चालू आणि १२ तास बंद ठेवतात. पहिले काही दिवस उंदराला रुळू देतात, आणि नंतरच्या नोंदी खऱ्या धरतात.

चाकाचे गणित तुम्हीही करू शकाल. चाकाचा व्यास १४ सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे ४४ सेंटिमीटर. रात्रीत १०,००० फेऱ्या झाल्या तर अंतर किती? सुमारे ४.४ किलोमीटर! एवढासा उंदीर खरोखरच एका रात्रीत काही किलोमीटर धावतो.

अंधारातले घड्याळ

आता दिवे कायमचे बंद केले तर? उंदराला दिवस-रात्र कळण्याचे साधन उरत नाही. तरीही तो रोज ठरावीक काळाने उठतो. प्रयोगशाळेतल्या अनेक उंदरांचे हे चक्र २४ तासांहून थोडे लहान असते. ते पावणेचोवीस तासांचे धरले, तर उंदीर रोज १५ मिनिटे आधी उठेल आणि आठ दिवसांत दोन तास पुढे जाईल. रोजच्या नोंदीची एकेक ओळ एकाखाली एक मांडली, की ही सरक तिरप्या रेघेसारखी दिसते. म्हणजे घड्याळ उंदराच्या शरीरातच आहे. उजेड ते रोज फक्त जुळवून घेतो.

भारतात मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातल्या छोट्या भारतीय उंदराच्या अशाच नोंदी घेतल्या. अमेरिकेत जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने तीनशेहून अधिक उंदीर अंधारात चाकावर तपासले. त्यांतल्या एकाचे चक्र इतरांपेक्षा सुमारे तासाभराने मोठे निघाले. १९९४ साली त्यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली. त्या उंदराच्या वंशजांवरून १९९७ साली ‘क्लॉक’ हे जनुक वेगळे करता आले. ते आपल्याही शरीरात आहे. रात्रपाळीच्या कामगाराची झोप का बिघडते, हे समजून घेताना हे संशोधन उपयोगी पडते.

चाकाबद्दल शंका

पिंजऱ्यात कोंडल्यामुळेच उंदीर चाकावर धावत असेल का? नेदरलँड्समधील योहाना मायर यांनी मोकळ्या निसर्गात चाके ठेवून पाहिली. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष मांडले : रानातले उंदीर आपण होऊन येत आणि धावत! तरीही चाक हे एक आकर्षण आहेच. चाक असलेला उंदीर आणि चाक नसलेला उंदीर सारखेच वागतील असे नाही. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कसा मोजला, हे आधी विचारावे. उंदराच्या झोपेच्या वेळी, दिवसा, औषध देऊन काढलेला निष्कर्ष रात्री खरा ठरेलच असे नाही. आणि हीच औषधे पुढे माणसांसाठी तपासली जातात.

करून पाहा

उंदीर पकडू नका. गावात कोंबड्या पाळलेल्या असतील, तर दोन आठवडे रोज पहिली आणि शेवटची कोंबडी खुराड्यात केव्हा शिरली ते दुरून पाहून लिहा. पंचांगातली सूर्यास्ताची वेळ शेजारी मांडा आणि आलेख काढा. ढगाळ दिवशी काय झाले? आणि तुम्ही जवळ उभे राहिलात त्या दिवशी? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात जरूर सांगा.