दुनळी बंदूक, उडती बशी आणि आपल्या मुली

आज आपण बंदुकीबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, शिकारीबद्दल नाही, खेळाबद्दल. दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली बाराबोरची दुनळी बंदूक गावाकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात आपण पाहिलेली असते. बाईमाणसाने तिला हात लावायचा नाही, एवढंच आपल्याला सांगितलेलं. पण अशाच छऱ्र्याच्या बंदुकीने जगभरच्या बाया एक खेळ खेळतात. त्यात ताकदीपेक्षा नजर आणि शिस्त जास्त लागते. तो खेळ कसा शिकतात, ते आज ऐकू या.

पूर्वी या खेळात जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरत. १८८० मध्ये अमेरिकेत लिगोव्स्की नावाच्या माणसाने मातीच्या उडत्या बशीचं पेटंट घेतलं आणि हळूहळू कबुतरांची सुटका झाली. आज तिला मातीची बशी म्हणतात, पण ती बनते चुनखडीची भुकटी आणि डांबरासारख्या पदार्थापासून. रुंदी ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. यंत्र ती हवेत फेकतं आणि छर्रे लागले की तिचे तुकडे होतात. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर रानातल्या जनावरांच्या शिकारीवर कडक बंधनं आली. बशीवर नेम धरताना कोणाचाच जीव जात नाही.

आता बंदूक समजून घेऊ. दुनळीला बहुधा दोन चाप असतात. पुढचा ओढला की उजवी नळी उडते, मागचा ओढला की डावी. उजव्या नळीचे छर्रे लवकर पसरतात, म्हणून ती जवळच्या बशीसाठी. डावीचं तोंड जरा आवळलेलं असतं, छर्रे दूरपर्यंत एकत्र राहतात, म्हणून ती लांब गेलेल्या बशीसाठी. स्पर्धेत आज बहुतेक जणी एकावर एक नळ्या असलेली बंदूक वापरतात. पण शिकायचं तंत्र दोन्हींचं सारखंच.

पहिला धडा गोळीचा नाही, रिकाम्या बंदुकीचा. बंदूक हातात आली की आधी ती मोडून उघडायची आणि दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना, हे डोळ्यांनी बघायचं. चालताना ती उघडीच ठेवायची, म्हणजे शेजारणीलाही दिसतं की आत काडतूस नाही. तोंड कधीही माणसाकडे नाही. बोट चापावर फक्त झाडायच्या क्षणी. कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा नसेल तर मैदानात पाय नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत जानेवारी २०२५ मध्ये झालेला स्फोट आपला जिल्हा विसरलेला नाही. दारूशी सलगी चालत नाही, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

दुसरा धडा उभं राहण्याचा. उजव्या हाताने झाडणारीने डावा पाय पुढे घ्यायचा आणि भारही त्याच पायावर ठेवायचा. दस्ता आधी गालाला टेकवायचा, मग खांद्यात बसवायचा. खांद्यात पोकळी राहिली तर धक्का लागून काळंनिळं होतं. नीट बसला तर बारीक अंगाची मुलगीही तो सहज पेलते. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. आपला कोणता डोळा जोरकस आहे, हे प्रशिक्षक आधी तपासतात, कारण त्यावर कोणत्या खांद्याने झाडायचं ते ठरतं. दुनळीच्या नळ्या लवकर तापतात, म्हणून पुढच्या हातात हातमोजा बरा.

तिसरा धडा सगळ्यात अवघड. बशी जिथे दिसते तिथे झाडलं तर ती हमखास सुटते. छऱ्र्यांना तीस मीटर जायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. तेवढ्यात आडवी जाणारी बशी सुमारे दोन मीटर पुढे सरकते. शेताच्या राखणीला गोफण फिरवणारीला हे ठाऊक असतं. उडत्या पोपटाच्या मागे दगड टाकून काय उपयोग? म्हणून नळी बशीच्या मागून आणायची, तिच्या पुढे न्यायची आणि चाप ओढायचा. चाप ओढल्यावरही हात थांबवायचा नाही. नवख्या मुली इथेच चुकतात, झाडायच्या क्षणी हात थबकतो. आणि नजर बंदुकीवर नाही, बशीवर.

हे बाईला जमेल का? १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्कीट या प्रकारात बाया-पुरुष एकत्र खेळत. तिथे चीनच्या झांग शान यांनी सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या, म्हणजे १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये बायांना स्कीट खेळायलाच मिळालं नाही. वेगळी स्पर्धा थेट २००० मध्ये आली. ट्रॅप प्रकारात तर २०१७ पर्यंत पुरुषांना १२५ बशा आणि बायांना ७५. आता दोघांना सारख्या.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. भोपाळच्या मोठ्या तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली मनीषा कीर. मध्य प्रदेशच्या राज्य नेमबाजी अकादमीत तिला निवडलं गेलं आणि २०१८ मध्ये तिने ज्युनिअर विश्व अजिंक्यपदात ट्रॅपचं रौप्यपदक आणलं. आपला जिल्हाही तलावांचा. बोडीवर जाळं टाकणाऱ्या घरात अशी नजर नसेल, असं कोण म्हणेल?

मात्र एक गोष्ट गाठीला बांधा. परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याचीच. सासऱ्याची दुनळी उचलून धुऱ्यावर सराव करणं हा गुन्हा आहे, आणि छर्रे दोनशे मीटरपर्यंतही जातात. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, वयाच्या २१ वर्षांनंतर मिळतो. पण १२ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, कायद्याच्या अटी पाळून नेमबाजी शिकता येते. हा खेळ खर्चिक आहे, दर बशीला काडतूस लागतं. म्हणून आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी करा, शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर मुलीला पाठवा, एअर रायफलपासून सुरुवात होऊ द्या. नजर आणि शिस्त तिथेच तयार होते, मोठी बंदूक नंतर.

मुलीने विचारलं, “मी शिकू का?” तर लगेच नाही म्हणू नका. आधी एकदा तिच्यासोबत जाऊन बघा.