मित्रदेशाची युद्धनौका न विचारता आपल्या समुद्रात आली तर? लक्षद्वीपचं प्रकरण सोप्या भाषेत

७ एप्रिल २०२१. अमेरिकेच्या नौदलाच्या सातव्या आरमारानं एक निवेदन काढलं. 'यूएसएस जॉन पॉल जोन्स' ही त्यांची विनाशिका लक्षद्वीप बेटांच्या पश्चिमेला १३० सागरी मैलांवरून गेली, तेही भारताची परवानगी न घेता, असं त्यात उघडपणे म्हटलं होतं. वर भारताचा याबाबतचा दावा आंतरराष्ट्रीय कायद्याशी जुळत नाही, हेही सांगून टाकलं होतं.

बातमी भारतात पोहोचली आणि सोशल मीडियावर दोन गट पडले. 'अमेरिकेनं घुसखोरी केली' असं एक गट म्हणत होता, तर 'चीनला अडवायचं असेल तर अमेरिका लागणारच, गप्प बसा' असं दुसरा गट सांगत होता.

या गोंधळात एका निवृत्त अधिकाऱ्याचं ट्वीट खूप गाजलं. मित्रदेशाशी लष्करी कुरबूर झाली की सामान्य नागरिकानं कसं बोलावं, याचं ते चांगलं उदाहरण आहे. पण त्याआधी प्रकरण समजून घेऊ.

जहाज नेमकं कुठे होतं?

समुद्रातली अंतरं डोळ्यांसमोर येत नाहीत. म्हणून हा समुद्र क्षणभर जमिनीवर आणू. समजा, मुंबईच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत पूर्वेकडे निघालो.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर हा देशाचा 'प्रादेशिक समुद्र'. आपल्या उदाहरणात तो नवी मुंबईतच संपतो. इथे देशाची पूर्ण सत्ता चालते.

२०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत 'अनन्य आर्थिक क्षेत्र' असतं. जमिनीवर हे अंतर मोजलं तर आपण बीड जिल्ह्यात परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या आसपास पोहोचतो.

अमेरिकेचं जहाज होतं १३० सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरवर. आपल्या उदाहरणात साधारण पाथर्डीजवळ.

म्हणजेच जहाज भारताच्या प्रादेशिक समुद्रात शिरलं नव्हतं. 'भारताच्या हद्दीत घुसखोरी' हा शब्दप्रयोग चुकीचा होता. पण ते भारताच्या आर्थिक क्षेत्रात होतं, हेही तितकंच खरं.

मग भांडण कशाचं?

आर्थिक क्षेत्रातले मासे, तेल, वायू, खनिजं यांवर किनाऱ्याच्या देशाचा हक्क असतो. 'बॉम्बे हाय'चं तेल आपण याच हक्कानं काढतो. मात्र तिथून जहाजं नेण्याची मोकळीक सर्व देशांना असते. पीक तुमचं, पण गाडीवाट सगळ्यांची, असा हा प्रकार आहे.

वाद आहे तो युद्धनौकांच्या सरावांचा. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा १९८२ मध्ये तयार झाला आणि भारतानं १९९५ मध्ये त्याला मान्यता दिली. ती देतानाच भारतानं जाहीर केलं, की आमच्या आर्थिक क्षेत्रात आमच्या संमतीशिवाय लष्करी सराव किंवा हालचाली करायच्या नाहीत, विशेषतः शस्त्रं आणि स्फोटकं वापरून. अमेरिकेचं म्हणणं असं, की कायद्यात अशी अट कुठेच नाही.

गंमत म्हणजे ज्या कायद्याचा आधार अमेरिका देते, त्याला तिनं स्वतः आजवर मान्यता दिलेली नाही. त्यातला बराचसा भाग जगाची रूढी म्हणून आपण पाळतो, अशी तिची भूमिका आहे.

पण मुद्दाम तिथून जायचं कशाला?

याचं उत्तर गावाकडच्या माणसाला लगेच कळेल. शेतातून जाणारी जुनी वाट कुणी अडवली आणि बाकीच्यांनी वर्षानुवर्षं तिथून जाणंच सोडलं, तर पुढे 'इथे वाट होती' हे सिद्ध करणं अवघड होतं. म्हणून वहिवाट टिकवायला माणूस काम नसतानाही बैलगाडी घेऊन एक फेरी मारून येतो.

अमेरिका १९७९ पासून समुद्रात हेच करत आली आहे. तिच्या मते जिथे एखादा देश जास्तीचा हक्क सांगतो, तिथून ती मुद्दाम जहाज नेते. त्यात शत्रू-मित्र असा भेद नसतो. या मोहिमेच्या वार्षिक अहवालांत याआधीही भारताचं नाव अनेकदा आलं आहे. २०२१ मध्ये नवं होतं ते एवढंच, की जहाज नेल्याचं वेगळं निवेदन काढून जगाला सांगितलं गेलं.

फरक एकच. शेतरस्ता अडला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. समुद्रात असा तहसीलदार नाही. तिथे नौदलाची ताकद, राजनैतिक पत्रं आणि लोकमत यांवरच बरंचसं ठरतं.

वेळ का खटकली?

१२ मार्च २०२१ रोजी भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या 'क्वाड' देशांच्या नेत्यांची पहिली शिखर बैठक झाली होती. त्याच महिन्यात अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन दिल्लीत येऊन गेले. ५ ते ७ एप्रिलला बंगालच्या उपसागराच्या बाजूला फ्रान्स आणि क्वाड देशांच्या नौदलांचा 'ला पेरूज' सराव सुरू होता. म्हणजे एका बाजूला संयुक्त सराव आणि त्याच दिवशी दुसऱ्या बाजूला हे निवेदन.

भारत आणि अमेरिका यांच्यात एकमेकांच्या बाजूनं लढण्याचा करार नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. 'क्वाड' ही लष्करी आघाडी नाही. पण दोन्ही देशांची नौदलं १९९२ पासून 'मलबार' सरावात एकत्र येतात. त्यामुळे हा चिमटा जवळच्यानं काढलेला होता.

भारत सरकार काय म्हणालं?

९ एप्रिलला परराष्ट्र मंत्रालयानं उत्तर दिलं. हे जहाज पर्शियन आखाताकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जात असताना त्याच्यावर सतत नजर होती आणि या प्रवासाबद्दलची चिंता राजनैतिक मार्गानं अमेरिकेला कळवली आहे, असं मंत्रालयानं सांगितलं. सूर शांत होता, पण भारतानं आपली भूमिका सोडली नाही.

आणि ते ट्वीट?

ते होतं अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश यांचं. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले हे वैमानिक २००४ ते २००६ या काळात नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर ते गोव्यात राहतात. म्हणजे ट्वीट करताना ते सरकारचे प्रवक्ते नव्हते, एक नागरिकच होते.

त्यांनी विसंगती दाखवली, की भारतानं सागरी कायद्याला १९९५ मध्येच मान्यता दिली, अमेरिकेनं अजून दिलेली नाही. आमच्या देशातल्या कायद्याविरुद्ध जहाज नेणं वाईटच, पण त्याची जाहिरात कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. शेवटी त्यांनी टोला हाणला, की अमेरिकी नौदलानं आपली 'आयएफएफ' यंत्रणा सुरू करावी. समोरचं विमान किंवा जहाज मित्राचं आहे की शत्रूचं, हे ओळखणारी ही यंत्रणा असते.

दक्षिण चीन समुद्रातल्या अशा मोहिमांतून चीनला इशारा दिला जातो हे समजतं, पण भारताला यातून काय सांगायचं आहे, असंही त्यांनी विचारलं. त्यांनी शिवी दिली नाही, 'घुसखोरी'ची आरोळी ठोकली नाही, आणि मित्र आहे म्हणून गप्पही बसले नाहीत.

नागरिकाच्या हातात काय आहे?

समुद्रापासून तीनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या सिरसाळ्याला याचं काय, असं वाटू शकतं. पण ट्रॅक्टरच्या डिझेलचं कच्चं तेल, खताचा कच्चा माल आणि पामतेल जहाजानंच येतं. त्या वाटा खुल्या राहणं आणि आपल्या किनाऱ्याजवळ परक्या नौदलांनी मनमानी न करणं, या दोन्ही गोष्टी आपल्या फायद्याच्या आहेत. आज एका मित्राला दिलेली सूट उद्या चीनही मागू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली, की चार गोष्टी करता येतील:

• फॉरवर्ड करण्याआधी अंतर पाहा. १२ सागरी मैलांच्या आत की बाहेर? याच उत्तरावर 'घुसखोरी' हा शब्द टिकतो किंवा पडतो.
• दोन्ही देशांची मूळ निवेदनं वाचा. ती सहसा चार-पाच ओळींचीच असतात.
• आपल्या खासदाराला लिहा. खासदार संसदेत तारांकित किंवा अतारांकित प्रश्न विचारू शकतात आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं.
• माहितीचा अधिकार वापरता येतो, पण मर्यादा ओळखून. २००५ च्या कायद्याच्या कलम ८(१)(क) नुसार देशाची सुरक्षा आणि परराष्ट्र संबंध यांना बाधा आणणारी माहिती नाकारता येते.

थोडक्यात

मित्र असला तरी त्यानं बांधावरून जाताना हाक मारावी, एवढी अपेक्षा गैर नाही. त्यानं हाक मारली नाही म्हणून कुणी लगेच कुऱ्हाड काढत नाही. पण दुसऱ्या दिवशी पारावर भेटल्यावर, 'काल न विचारता का गेलास?' हे विचारायचं असतंच. न विचारता गेलेली वाट पुढे वहिवाट होते.