रस प्यायला आलेला माणूस

जुलै २०२४. सकाळचे साडेदहा वाजताहेत आणि पाऊस धरून बसलाय. कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, त्यांच्या पाण्याचा ओघळ बाकड्यापर्यंत आलाय. नदी बंधाऱ्यावर किती फुटांवर गेली, हीच चर्चा सगळ्यांच्या तोंडी. माझ्या शेजारी बसलेला अर्जदार त्यात पडत नाही. त्यानं सदऱ्याची उजवी बाही कोपराखाली दुमडून पिनेनं टाचली आहे. डाव्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद.

तो माझा विद्यार्थी. नववीपर्यंत माझ्या वर्गात होता. समोरच्या बाकड्यावर गुऱ्हाळाचे मालक बसलेत. त्यांचा थोरलाही माझ्याच हाताखालून गेला. दोघंही मला गुरुजी म्हणतात आणि आज दोघांशीही मला धड बोलता येत नाही.

"यष्टीनं आलासा?" मालक विचारतात.

मी मान हलवतो.

"सांगायचं न्हाई व्हय. जीपमधनं आणलं असतं की."

ते हे मनापासून म्हणताहेत, हे मला कळतं. अर्जदारालाही कळतं. तो पिशवीची गाठ सोडतो आणि परत बांधतो, दाताच्या आधारानं.

पुकारा होतो. आम्ही आत जाऊन मागच्या बाकावर बसतो. दालन छोटं, पंख्याचा आवाज मोठा. समोर बसलेले न्यायाधीश या खटल्यापुरते कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्त आहेत. दावा १९२३च्या कायद्याखालचा. ज्याच्याकडे कामगार विम्याचं कार्ड असतं त्याला इथं यावं लागत नाही. पण गूळ करण्याचं काम कायद्याच्या लेखी हंगामी आणि हंगामी कारखान्यांना राज्य कामगार विम्याचा कायदा लागूच नाही. मालकांनीही खाजगी विमा काढलेला नव्हता. म्हणजे जे काही द्यायचं ते त्यांच्या खिशातून. दहा-बारा लाख ही गावात रानाच्या तुकड्याची किंमत आहे. ते एवढ्या हिरिरीनं का भांडताहेत, ते या एका गोष्टीवरून समजतं.

अपघात १२ जानेवारी २०२१चा. हा चरकावर ऊस लावत होता. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर, रसानं भिजून जड झालेली बाही. चरकाचे लाटे हळूच फिरतात, पण एकदा धरलं की सोडत नाहीत. मोटरचं बटण शेडच्या आतल्या खांबावर. ते बंद करून, पान्यानं नट ढिले करून लाटे सैल करेपर्यंत हात मनगटाच्या वर गेला होता. दवाखान्यात तो कोपराखाली काढावा लागला.

मालकांनी दिलेली कैफियत मी वाचली आहे. कामाला नव्हताच, रस प्यायला आला होता. कामाला होता असं धरलंच तर दारू प्यायला होता. प्यायला नव्हता असं धरलं तर बेफिकीर होता. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी हात तो म्हणतो तेवढा गेलेला नाही. एकाच कागदावर चार माणसं उभी केलेली आणि चारही तोच.

आधी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना घेतात, त्यांना ओपीडीला परत जायचंय. त्यांनी दाखल्यात ७० टक्के अपंगत्व लिहिलंय. मालकांचे वकील उठतात. वयस्कर, शांत, कागद चाळण्याची घाई नसलेले.

"परिशिष्टात ६० टक्केही आहेत ना, डॉक्टर?"

"आहेत. कोपराच्या टोकापासून ११.४३ सेंटीमीटर किंवा त्याहून खाली हात तोडला असेल तर ६०. त्याच्या अलीकडे असेल तर ७०."

११.४३ सेंटीमीटर म्हणजे साडेचार इंच. कायदा इंचांच्या जमान्यातला, म्हणून आकडा असा तिरपागडा.

"तुम्ही किती मोजलंत?"

"नऊ."

"मोजताना हात सरळ होता की दुमडलेला?"

"दुमडलेला. टोक तसंच सापडतं."

"पट्टीनं की टेपनं?"

"टेपनं."

अर्जदार न सांगताच पीन काढू लागतो. न्यायाधीश हातानंच थांबवतात, गरज नाही म्हणून. तो पीन तोंडात धरून बसून राहतो. मी मनात हिशेब करतो. वय ३२, कायद्याच्या तक्त्यात त्याचा गुणक २०३.८५. रोज ४०० प्रमाणे महिन्याचे १२,००० धरले तर त्याचे ६० टक्के ७,२००. गुणाकार १४,६७,७२०. त्याचे ७० टक्के १०,२७,४०४ आणि ६० टक्के ८,८०,६३२. मधला फरक १,४६,७७२ रुपयांचा, आणि तो अडीच सेंटीमीटरवर अडलाय.

आता अर्जदाराच्या वकीलबाई डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात. "दोन हातांनी मोळी उचलून चरकात लावण्याचं काम हा माणूस करू शकेल?"

"नाही."

"राखण करू शकेल की," मालकांचे वकील बसल्या जागेवरून म्हणतात. न्यायाधीश त्यांच्याकडे बघतात. ते हसून गप्प बसतात.

बाईंचा रोख मला ठाऊक आहे. त्यांच्या फायलीत १९७६ साली छापून आलेला सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा आहे, प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यातला. ओडिशातल्या एका सिनेमागृहाच्या कामावर सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला. परिशिष्टाप्रमाणे ७० टक्के बसत होते. पण एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून आयुक्तांनी शंभर टक्के धरले आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निवाड्यात. थोडक्यात, हात किती गेला ते टेप सांगतो. कमाई किती गेली ते टेप सांगत नाही.

डॉक्टर सही करून जातात. मालक पिंजऱ्यात उभे राहतात, टोपी सारखी करतात, शपथ घेतात. सरतपासाचं प्रतिज्ञापत्र आधीच दाखल आहे. आज उलटतपास.

"गुऱ्हाळ तुमचं?"

"वडलार्जित हाय."

"कुणी गुऱ्हाळावर आलं तर रस देता?"

मालकांचा चेहरा उजळतो. "देतो की! रस न पाजता माणूस जाऊ देत न्हाई आम्ही. वाटसरू असला तरी. पोराबाळांना काकवी, वर गरम गुळाचा खडा. आमच्यात रीतच हाय ती."

ते खरं बोलताहेत. शाळेची सहल मी दरवर्षी त्यांच्याच गुऱ्हाळावर नेत असे. साठ पोरं पोटभर रस प्यायची आणि त्यांनी कधी पैसा घेतला नाही. न्यायाधीश टंकलेखिकेला वाक्य सांगतात, "हे म्हणणे खरे आहे की, माझ्या गुऱ्हाळावर येणाऱ्या कोणासही रस देण्याची प्रथा आहे." मालकांच्या तोंडचं वाक्य कागदावर उतरताना थंड होतं, काहिलीतनं वाफ्यात ओतलेल्या गुळासारखं. एकदा थंड झालं की त्याचा आकार बदलत नाही.

"अर्जदारही रस प्यायलाच आला होता?"

"व्हय."

"किती वाजता?"

"रात्री."

वकीलबाई फायलीतला कागद शिपायाकरवी पुढे पाठवतात. दवाखान्याचा केसपेपर. त्यावर कुणीतरी घाईच्या अक्षरात लिहिलंय की गुऱ्हाळावर चरकात हात सापडला, वेळ पहाटे साडेतीन.

"पहाटे साडेतीनला गावातून रस प्यायला कोण येतं?"

पंखा तेवढा ऐकू येतो. मालकांचे वकील हरकत घेतात. न्यायाधीश उत्तर द्यायला सांगतात.

"थंडीचं लोक शेकायला येत्यात," मालक म्हणतात.

उत्तर चांगलं आहे. मागच्या बाकावर बसलेला मीसुद्धा क्षणभर मान डोलावतो, कारण लोक खरंच येतात. चुलवाणाच्या तोंडाशी, जळव्याच्या शेजारी बसून पहाटेपर्यंत गप्पा मारतात.

"शेकायला माणूस चुलवाणापाशी बसतो की चरकापाशी?"

मालक गप्प.

"दोन्हींत अंतर किती?"

"असंल चाळीसभर फूट."

"त्या रात्री चरकावर ऊस कोण लावत होतं?"

"गडी हुता."

"कोण?"

"आठवत न्हाई आता."

"गुळव्या आठवतो?"

"व्हय, तो कायमचा हाय."

"जळव्या?"

"तोबी."

"चरकावरचाच तेवढा आठवत नाही."

हा प्रश्न नव्हे, म्हणून नोंदही होत नाही. मालक पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवतात. दोन्ही हात. माझी नजर तिकडे जाते आणि मग मला माझीच लाज वाटते.

"हजेरीची वही?"

"गुऱ्हाळात कसली वही बाई? समदं तोंडी. आठवड्याला बाजाराच्या दिवशी पगार."

"दसऱ्याला तुम्ही अर्जदाराला वीस हजार उचल दिलीत?"

"उचल न्हवं. हातउसने दिले हुते. गावातलं पोरगं, अडचण हुती त्याची."

आता सगळा दावा या एका शब्दावर येऊन उभा राहतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी गड्याला देतात ती उचल. ती कामातून फिटते, म्हणजे उचल असेल तर तो कामाला होता. आणि हातउसने असतील तर तो नुसताच शेजारी. रक्कम तीच, देणारा तोच, घेणाराही तोच. फरक पडतो तो नोटांना काय नाव दिलं त्यानं.

"हातउसने परत मागितले?"

"न्हाई."

"साडेतीन वर्षांत एकदाही?"

"त्याचा हात गेल्यावर काय मागायचं?"

हे ते फार हळू म्हणतात. शेजारी अर्जदार मान खाली घालतो. न्यायाधीश थोडे थांबतात, मग सांगतात, "सदर रक्कम मी अर्जदाराकडे परत मागितलेली नाही." पुढचं अर्धं वाक्य नोंदीत येत नाही. वकीलबाईंना हवं होतं तेवढं आलंय.

मग शंभराच्या स्टॅम्पपेपरचा विषय निघतो. दवाखान्यातच लिहून घेतलेला. माणुसकीच्या नात्यानं पन्नास हजार मिळाले, यापुढं कसलीही तक्रार नाही. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. नववी शिकलेल्या, सही येणाऱ्या माणसाचा अंगठा, कारण सहीचा हात त्या आठवड्यात गेला होता. या कायद्याच्या १७व्या कलमानं असा हक्क सोडून दिल्याचा करार निरर्थक ठरतो. भरपाईची रक्कम आपसात ठरवली तर तो करारही आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. मालकांना हे तेव्हा ठाऊक नसणार. त्यांना माणुसकी ठाऊक होती, आणि ते तिची पावती घेऊन ठेवत होते.

उलटतपास संपतो. टंकलेखिका कागद काढते, मालक वाचून सही करतात. युक्तिवादासाठी तारीख पडते १४ ऑगस्ट. पुढच्या दाव्याचा पुकारा होतो.

बाहेर पाऊस तसाच. गेटापाशी मालक जीपचं दार उघडून थांबलेत. "चला गुरुजी. त्यालाबी घ्या की, कुठं भिजत जाता." मी अर्जदाराकडे बघतो. तो डाव्या हातानं छत्री उघडण्याच्या खटपटीत आहे. छत्री न उघडताच तो म्हणतो, "नको. वकीलबाई म्हणल्यात, आता काय घेऊ नगंस त्यांच्याकडनं." जीप निघून जाते. आम्ही स्टँडकडे चालू लागतो.

एस्टीत तो विचारतो, "गुरुजी, बरं झालं का वंगाळ?"

मी त्याला सांगतो की निकाल बाजूनं लागला तर वर सालीना १२ टक्के सरळव्याज आहे, आणि विनाकारण थकवलं असं ठरलं तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही. विरुद्ध लागला तर उच्च न्यायालय आहे. मालकांना अपील करायचं झालं तर आधी रक्कम भरावी लागेल. तो ऐकतो. मग विचारतो, "साडेतीन वाजलेलं कुणी लिवलं हुतं ओ त्या कागदावर?"

ते मला ठाऊक नाही. त्या रात्री ड्यूटीवर असलेलं कुणीतरी. त्यानं विचारलं असेल, कधी झालं? आणि सोबत आलेल्या गुळव्यानं सांगितलं असेल. त्या दोन शब्दांएवढा भक्कम पुरावा आज दुसरा कुठलाच नव्हता.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगणं. तुमच्या घरचं कुणी गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर, मळणी यंत्रावर जात असेल, तर उचल घेताना एक चिठ्ठी लिहून घ्या, तारखेची आणि सहीची. मालक कितीही चांगला असला तरी घ्या. चांगला असेल तर तो रागावणार नाही. आणि कधी वाईट वेळ आलीच, तर दवाखान्यात पहिल्यांदा सांगा की कुठं झालं, काय करताना झालं आणि किती वाजता झालं. तिथल्या माणसानं ते लिहिल्याशिवाय टेबलापासून हलू नका. दावा दोन वर्षांच्या आत लावा.